कवचगुरूंची पाटी

हॉलमध्ये खुर्च्या दीडशे आणि माणसं त्याच्या दुप्पट. फर्निचरच्या दुकानाच्या वरचा हा हॉल एरवी नाचाच्या वर्गाला भाड्यानं जातो, म्हणून एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसे. त्यांच्यामुळे गर्दी आणखी दुप्पट दिसत होती. कवचगुरूंना जागा पसंत पडली ती बहुधा त्यासाठीच.

प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता, आणि तो धरलेला कसा, तर नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा दोन्ही हातांनी. निम्म्या लोकांच्या गळ्यात तांब्याचं बोटभर लॉकेट होतं. ज्यांच्या गळ्यात नव्हतं ते लॉकेटवाल्यांकडे हेव्यानं बघत होते.

गुरू स्टेजवर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे मोजे, गालाला चिकटवलेला छोटासा माइक. मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ‘वॉलेट तुमचं, कवच आमचं’ आणि त्याखाली ऐच्छिक देणगीसाठी काळ्या ठिपक्यांचा चौकोन.

“डॉक्टरबाई, पुढे या,” गुरू म्हणाले.

आमच्या भागातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पुढे गेल्या. गुरूंनी डोळे मिटले आणि दोन बोटं कपाळावर दाबली.

“दिसतंय. निळा प्रकाश आहे. प्रकाशाच्या आत आकडा आहे. शून्य पूर्णांक चार, एक, सात, तीन. बघा तुमच्या वॉलेटमध्ये.”

डॉक्टरीणबाईंनी मोबाइल बघितला आणि तोंडावर हात नेला. “बरोबर आहे. शेवटच्या आकड्यापर्यंत.”

सगळ्या हॉलनं एकदम श्वास आत ओढला. माझ्या धाकट्या जावेनं मला कोपर मारलं.

“बघितलंस ना, ताई? आता बोल.”

“बघितलं. लोकांना ‘आ करा’ म्हणणाऱ्या बाईंनी स्वतः आ केलेला पहिल्यांदाच बघितला.”

“तुला कसलं म्हणून कौतुक नाही.”

मग शाळेच्या बसचे ड्रायव्हर पुढे आले. पंचावन्न-छप्पन्नचा माणूस, हात फावड्यासारखे. त्यांच्या गळ्यात लॉकेट होतं, तरी आठवड्यापूर्वी त्यांचं वॉलेट कुणीतरी धुऊन नेलं होतं. गुरू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात बोलले. माइक गालालाच होता, त्यामुळे ते हळू बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

“बाळा, शंका घेतली होतीस ना?”

ड्रायव्हरांनी मान खाली घातली. “एकदाच. बायकोला म्हणालो होतो, हे खरं असेल ना गं.”

“शंकेनं कवचाला तडा जातो. मी वारंवार सांगतो. आता सगळ्यांसमोर मोकळा हो.”

आणि त्या माणसानं मुलीच्या लग्नासाठी साठवलेलं सगळं गमावल्याबद्दल, हॉलभर लोकांसमोर, हात जोडून माफी मागितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी डोळे पुसले. ज्याचं घर लुटलं गेलं त्यानंच असे हात जोडावेत, आणि त्याला टाळ्या पडाव्यात.

आम्ही तिथं का गेलो होतो ते आधी सांगते.

आम्ही सहाजणी बाहुल्यांचे कपडे शिवतो. हसू नका. बोटाएवढ्या कोटाला सहा बटणं लावून दाखवा, मग हसा. परदेशात मोठी माणसं बाहुल्या जमवतात आणि त्यांना कपडे लागतात. आमची एक गिऱ्हाईक बाई तिकडून वर्षभर ऑर्डरी देते. बँकेतून पैसे पाठवायचे तर मध्येच निम्मे कुठं कुठं झिरपायचे आणि उरलेले तीन आठवड्यांनी पोचायचे. शेवटी ती म्हणाली, क्रिप्टोत घ्याल का. आमच्यात शिकलेली कुणी नाही. मी दहावीपर्यंतची, बाकीचं व्हिडिओ बघून, चुका करून आणि विचारून शिकलेली. महिनाभर बघितलं, समजून घेतलं आणि वॉलेट काढलं.

वॉलेटची खरी किल्ली म्हणजे बारा साधे इंग्रजी शब्द, ठरावीक क्रमानं. मोबाइल फुटला, हरवला तरी बारा शब्द असले की नव्या मोबाइलवर सगळं परत मिळतं. आणि ते चोराला कळले तर त्यालाही सगळं मिळतं. बँकेत फोन करून ‘अहो, थांबवा’ म्हणता येतं, इथं थांबवणारं कुणी नसतं. म्हणून आम्ही युक्ती केली होती. वॉलेट उघडलं त्या दिवशी पडद्यावर पुठ्ठ्याची पट्टी धरून एकेकीनं आपापले दोनच शब्द बघितले आणि पाठ केले. सहाजणी, बारा शब्द. मोबाइल कपाटात, कपाटाची किल्ली जावेकडे, मोबाइल उघडायचा आकडा काकींकडे. एकटी कुणी काही करू शकत नव्हती. या युक्तीचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

काकी म्हणजे आमच्यातल्या थोरल्या. कुणाच्या सख्ख्या काकी नाहीत, पण आम्हा पाचजणींच्या हातात सुई त्यांनीच दिली. अक्रोडाच्या टरफलात मावेल अशी टोपी त्या विणायच्या. विणायच्या असं म्हणते, कारण दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या बुबुळावर पांढुरकं येत गेलं आणि डावा डोळा तर आधीच गेलेला. बुबुळ बदलायचं ऑपरेशन ठरलं होतं. बुबुळ मिळालं होतं, गुरुवारची तारीख मिळाली होती आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत पैसे भरायचे होते. हे पैसे आमच्या वॉलेटमध्ये होते. सहाजणींचे, एकमतानं काकींच्या डोळ्यासाठी बाजूला ठेवलेले. तारीख चुकली तर ते बुबुळ पुढच्या माणसाला जाणार, आणि आपली पाळी पुन्हा कधी येईल हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

आणि त्याच महिन्यात कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं वॉलेट रिकामं झालं.

झालं, घाबरायला तेवढं पुरे होतं. किराणावाला त्या कवचगुरूंकडे गेला नव्हता म्हणून लुटला गेला, असं दोन दिवसांत सगळीकडे झालं. तो एकदा त्यांच्याकडे जाऊन शब्द लिहून आला होता आणि फक्त लॉकेट गळ्यात घालत नव्हता, हे मात्र मला फार नंतर कळलं.

“गुरुवारपर्यंत काही झालं तर?” जाऊ म्हणाली. तिच्या पुढ्यात कमरपट्ट्यांचा ढीग होता आणि ती एकही उचलत नव्हती. “काकींच्या डोळ्याचं आहे, ताई. तुझ्या युक्त्यांचं नाही.”

“शब्द सहाजणींत विभागलेत. कोण चोरणार?”

“किराणावालाही हेच म्हणायचा.”

“किराणावाला गल्ल्याखाली चिकटपट्टीनं शब्द डकवून ठेवायचा.”

“ते काही असो. गुरू एक पैसा घेत नाहीत. मागतच नाहीत तर फसवतील कशाला? कागद आपण लिहायचा, आपणच जाळायचा, राख आपल्याच हातानं लॉकेटमध्ये भरायची. ते कागदाला हातसुद्धा लावत नाहीत. यात फसवणूक कुठं बसते ते दाखव मला.”

मला दाखवता आलं नाही. मी उलटून पालटून विचार केला. कागद जळतो, हे खरं. राखेतून शब्द वाचता येत नाहीत, हेही खरं. आमच्यातली काजं करणारी काजवाली बाई म्हणाली, गुरू लोकांची शिल्लक डोळे मिटून सांगतात. दोघी बहिणी, ज्या आमच्याकडे बाह्या लावतात आणि कायम एकच मत देतात, त्या म्हणाल्या जाऊन तर येऊ. काकी म्हणाल्या, “पोरींनो, माझ्यापायी भांडू नका. जायचं तर जाऊ.”

पाच विरुद्ध एक. मी हरले, आणि आता कबूल करते, हरल्यावर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. कारण समजा खरंच चोरी झाली असती, तर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं की हिच्या शहाणपणापायी काकी आंधळी झाली.

म्हणून त्या शनिवारी आम्ही हॉलमध्ये होतो.

ड्रायव्हरांची माफी झाल्यावर गुरूंनी कवचविधीला बोलावलं. आधी फॉर्म. नाव, मोबाइल, पैसे स्वीकारायचा वॉलेटचा पत्ता आणि एक रकाना: ‘येत्या महिन्यात मोठा खर्च आहे का? तारीख?’ जावेनं गोल अक्षरांत ‘ऑपरेशनचे पैसे, बुधवारी’ असं लिहिलं.

“हे कशाला हवं?” मी गुरूंच्या मदतनिसाला विचारलं.

“त्या दिवशी गुरुजी विशेष लक्ष ठेवतात,” तो म्हणाला. त्याच्याइतकं खरं त्या हॉलमध्ये कुणीच बोललं नाही, हे आता कळतं.

मग बैठी मेजं. प्रत्येक मेजावर रेक्झिनची जाडसर पाटी, तिच्यावर एकच कोरा कागद आणि कडक टोकाचं बॉलपेन. मदतनीस पाठ करून उभा राहिला. गुरू दुसऱ्या टोकाला तोंड भिंतीकडे करून. इतका सभ्यपणा मी कधी पाहिला नव्हता.

“दाबून लिहा,” गुरू भिंतीशी बोलले. “शब्दाचं वजन कागदात उतरलं पाहिजे. हलक्या हाताचं कवच हलकं असतं. आपली प्रत्येकाची कंपनं वेगळी, पण अक्षराची कंपनं विश्वातली. क्वांटम पातळीवर सगळं एकच आहे.”

“कसली पातळी?” काकींनी मला विचारलं.

“आपल्या वरची,” मी म्हणाले.

आम्ही एकेक करून बसलो. एकीनं लिहिताना बाकीच्या तोंड फिरवून उभ्या, कागदावर आधीचे शब्द घडी घालून झाकलेले. बघा, काय शिस्त होती आमची. एकमेकींपासून शब्द लपवायची शिस्त. आणि त्याच वेळी चार वर्षं सहाजणींत वाटून ठेवलेले बारा शब्द आम्ही आमच्याच हातांनी एका कागदावर, एका पाटीवर, क्रमानं गोळा करत होतो. जगातल्या कुठल्याही चोराला जे जमलं नसतं ते आम्ही त्याच्यासाठी रांगेत उभं राहून केलं. माझे दोन शब्द मीसुद्धा लिहिले, दाबून. काकींनी नाक कागदाला टेकवून, एका हातानं पाटीची कड चाचपत लिहिले.

कागद जाळला. राख लॉकेटमध्ये भरली. जावेनं ते काकींच्या गळ्यात घातलं आणि पहिल्यांदा नीट हसली.

शिवणघरी परत आलो तेव्हा दुपार होती. काकी हात धुवायला मोरीत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

“काय करताय, काकी?”

“अगं, हात निघेना. कसला डाग आहे बघ, मला दिसत नाही. बोटाला तेलकट लागतंय.”

मी बघितलं. करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या कडेला, निळसर-काळा डाग. साबणानं फिका होणारा पण न जाणारा. हा डाग आमच्या धंद्यातली कुठलीही बाई अंधारात ओळखेल. कापडावर खुणा उतरवायला आम्ही कापडाखाली कार्बन कागद ठेवतो आणि वरून दातेरी चाक फिरवतो. दिवसभर ते काम केलं की करंगळीच्या बाजूला असा डाग पडतो.

“आज खुणा उतरवल्यात तुम्ही?”

“आज? आज तर सकाळपासून आपण त्या हॉलमध्ये.” काकी थांबल्या. मग अगदी सावकाश म्हणाल्या, “एक सांगू? त्या पाटीची कड एका बाजूला उसवलेली होती. मी हात टेकला तिथं. आणि लिहिताना कागद खालून घसरत होता. आपलं कापड घसरतं ना कार्बनवर, तसा.”

जळतो तो वरचा कागद, शब्द खालच्या कागदावर आधीच उतरलेले. त्याला हात कशाला लावतील ते?

“जाऊबाई, कपाट उघड,” मी म्हणाले. “काकी, आकडा टाका. आत्ता.”

जाऊ म्हणाली, “अगं पण झालं काय?”

मी काकींची करंगळी तिच्यापुढे धरली. ती बारा वर्षं कापडं कापते. तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा असा झाला की मला तिच्यावर ओरडताच येईना.

अशा वेळी करायची गोष्ट एकच. शब्द फुटले की ते वॉलेट मेलं. त्याला कुलूप बदलता येत नाही. नवं वॉलेट काढायचं, नवे बारा शब्द, आणि जुन्यातलं सगळं नव्यात हलवायचं, चोराच्या आधी. पत्ता दोनदा तपासला. काकींच्या डोळ्याचे सगळे पैसे मी नव्या वॉलेटमध्ये टाकले. जुन्यात माझ्या वाट्याची दोन महिन्यांची मजुरी मुद्दाम ठेवली.

“ते का ठेवलंस?” काजवालीनं विचारलं.

“खात्री करायला. आपण म्हणतोय ते खरं आहे की माझं डोकं फिरलंय, ते तर कळू दे.”

मोठी रक्कम हललेली त्यांना तिकडे दिसली असणार. तेही बघत बसले होते, आमच्या पैशांवर डोळा ठेवून. चहा टाकला होता, तो गाळेपर्यंत माझी मजुरी जुन्या वॉलेटमधून नाहीशी झाली. एका अनोळखी पत्त्यावर गेली.

ते बारा शब्द माणसांपैकी कुणालाच सगळे माहीत नव्हते. आमच्यातल्या एकीलाही नाही. सगळे माहीत होते फक्त त्या पाटीला.

सोमवारी मदतनिसाचा फोन आला, जावेच्या मोबाइलवर. तिनं स्पीकर लावला.

“ताई, गुरुजींना जाणवलंय. तुमचं कवच भंगलं. कुणीतरी शंका घेतली आहे. बुधवारी येऊन मोकळं व्हा, नाहीतर दोष ऑपरेशनपर्यंत जाईल.”

जावेचे डोळे भरले, पण भीतीनं नाही, रागानं. “हा माणूस काकींच्या डोळ्याची भीती घालतोय मला,” ती फोनवर तळहात दाबून आम्हाला म्हणाली. “येतो आम्ही,” फोनमध्ये म्हणाली. “माफी मागायलाच येतो.”

बुधवारी सकाळी सगळ्यात आधी आम्ही इस्पितळात पैसे भरले. मग मी बसच्या ड्रायव्हरांना गाठलं. त्यांच्या मोबाइलवर त्यांचे पैसे कुठं गेले ते बघितलं. हे बघता येतं. क्रिप्टोचा सगळा व्यवहार जगासमोर उघडा असतो. कोण माणूस ते कळत नाही, पण कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती गेलं आणि कुणाकडे किती शिल्लक आहे, ते पत्ता माहीत असलेला कुणीही बघू शकतो. ड्रायव्हरांचे पैसे आणि माझी मजुरी एकाच पत्त्यावर गेली होती. ड्रायव्हरांनी दोन्हीकडचा पत्ता एकेक अक्षर जुळवून बघितला.

“म्हणजे मी बायकोला म्हणालो ते बरोबर होतं,” ते म्हणाले. त्यांना राग आलेला दिसला नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि ते बघवत नव्हतं.

दुपारी हॉल पुन्हा भरला होता. गुरूंनी मला बोलावलं. मी स्टेजवर गेले, सोबत जाऊ आणि काकी.

“बोल, भगिनी. शंका घेतलीस?”

“घेतली,” मी म्हणाले. “माफी लिहून देऊ का? बोलायला जड जातंय. पाटी द्या, दाबून लिहिते.”

ते क्षणभर थबकले. पण तीनशे माणसं बघत होती आणि माफी लिहून देणाऱ्या बाईला पाटी कशी नाकारणार? मदतनिसानं मेजावरची पाटी दिली. मी एक वाक्य लिहिलं, कुणाला न दाखवता कागद काढला आणि तिथल्याच ताटलीत जाळला. राख सगळ्यांना दाखवली.

“गुरुजी, मी काय लिहिलं?”

“क्षमेचे शब्द. मला जाणवले.”

“नक्की?”

“अंतःकरण खोटं बोलत नाही.”

मग मी पदराआडून शिवण उसवायचं हत्यार काढलं आणि पाटीच्या कडेवर फिरवलं. बारा-पंधरा टाके. शिवणकाम अगदी वाईट होतं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही असं काम परत पाठवतो. रेक्झिन उलटलं. आत निळा कार्बन कागद, त्याखाली पांढरा कागद. आणि पांढऱ्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मी मोठ्यानं वाचलं.

“‘या माणसानं एका म्हाताऱ्या बाईच्या डोळ्याचे पैसे चोरायचा प्रयत्न केला.’ ही क्षमा नाही, गुरुजी. तुमचं अंतःकरण तपासून घ्या.”

त्या कागदावर माझ्या ओळीच्या वर दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात एकाखाली एक बारा शब्द होते. पहिल्या शब्दावर नजर पडताच मी कागद दुमडला.

“आज सकाळी या पाटीवर कुणी लिहिलं?”

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. त्या गुरूंच्या सांगण्यावरून कवच ताजं करायला दुसऱ्यांदा आल्या होत्या. मी कागद त्यांच्या हातात दिला. “मी वाचलेले नाहीत. खुर्चीत बसा आणि आत्ताच्या आत्ता नवं वॉलेट काढा. माझी जाऊ दाखवेल.”

“ही पाटी माझी नाही,” गुरू म्हणाले. आवाज अजून मधासारखा होता. “विरोधी शक्तींनी ठेवलेली आहे. विज्ञान जिथं संपतं तिथून...”

“थांबा, चमत्कार मलाही येतो,” मी म्हणाले आणि डोळे मिटले. दोन बोटं कपाळावर. “निळा प्रकाश दिसतोय. आत आकडा आहे. तुमच्या मागच्या फलकावरच्या देणगीच्या वॉलेटमध्ये सहा पूर्णांक शून्य दोन नऊ. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी तो चौकोन टिपून बघा. शिल्लक सगळ्यांना दिसते. यांना दिसली ती तुम्ही फॉर्मवर पत्ता लिहून दिलात म्हणून. घराला काचेची भिंत लावून वर बाहेरच्या माणसानं आत किती खुर्च्या आहेत ते सांगितलं, तर त्याच्या पाया पडायचं का?”

तीनशे मोबाइल वर झाले. एक, मग दहा, मग सगळे म्हणाले, बरोबर आहे.

ड्रायव्हर उठले. ते स्टेजवर आले नाहीत. जागेवरून त्यांनी तो पत्ता वाचला, ज्यावर त्यांचे आणि माझे पैसे गेले होते, एकेक अक्षर सुटं करून. मागून किराणावाला म्हणाला, “माझेही तिथंच गेले.” मग एक मुलगी. मग एक म्हातारे गृहस्थ, जे तोवर कुणाला सांगायला लाजत होते. प्रत्येक जण आपण एकटेच मूर्ख ठरलो असं समजून गप्प बसला होता. त्या गप्पपणावरच याचा सगळा संसार चालला होता.

मदतनीस मागच्या जिन्यानं गेला. गुरूंना जाता आलं नाही. काही लोक खुर्च्या उचलून पुढे धावले आणि मला त्यांचीही किळस आली. पाच मिनिटांपूर्वी टाळ्या वाजवणारे हेच हात. डॉक्टरीणबाईंनी आणि ड्रायव्हरांनी मध्ये उभं राहून पोलीस येईपर्यंत त्या माणसाला राखलं. ड्रायव्हर म्हणाले, “मारू नका. ह्याच्याकडून पैसे कुठं आहेत ते ऐकायचंय.” ते अजून पूर्ण ऐकायला मिळालेलं नाही. थोडे परत आले, बरेच नाहीत.

जाताना एका बाईनं मला जिन्यात गाठलं. “शिल्लक मात्र त्यांनी बरोबर सांगितली होती हो,” ती म्हणाली. लॉकेट अजून गळ्यात. मी तिला पुन्हा सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि लॉकेट पदराखाली सारलं.

गुरुवारी काकींचं ऑपरेशन झालं. जाऊ रात्रंदिवस इस्पितळात राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं काकींना विचारलं, “माझ्यावर राग आहे ना?”

“राग कसला?” काकी पट्टीआडून म्हणाल्या. “तुला माझी काळजी होती. त्यानं ती पकडूनच तुला ओढलं. माझ्यावर माया नसती तर तू कशाला गेली असतीस तिथं?”

हे मी विसरत नाही. लोक मूर्ख असतात म्हणून फसत नाहीत. कुणाला मुलीची काळजी असते, कुणाला आईच्या डोळ्याची. असले गुरू त्या काळजीवर जगतात, आणि वर शंका घेणाऱ्यालाच पापी ठरवतात. म्हणून सांगते, शंका घ्या. आपले बारा शब्द कुणालाही सांगू नका, कुणाच्या कागदावर, कुणाच्या मोबाइलवर, कुणाच्या पाटीवर लिहू नका. मदत करतो म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. ज्याला खरंच सगळं दिसतं त्याला तुमच्याकडून लिहून घ्यावं लागत नाही. फसलात तर लपवू नका. लगेच नवं वॉलेट काढा, पैसे हलवा आणि चार लोकांना मोठ्यानं सांगा.

दीड महिन्यानं काकी शिवणघरी आल्या. खिडकीपाशी बसल्या, एका टोपीची किनार हाताएवढ्या अंतरावर धरून बघितली, नापसंत करून बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळल्या.

“त्या दिवशी नवं वॉलेट तू घाईत एकटीनं काढलंस ना?”

“हो, काकी.”

“म्हणजे नवे बाराही शब्द तुला एकटीला माहीत आहेत.”

“हो.”

“मग आम्ही तुझ्यावर विश्वास का ठेवायचा?”

जावेनं दातेरी चाक खाली ठेवलं. दोघी बहिणी एकदम वर बघू लागल्या. मला मनापासून बरं वाटलं. उठून पुठ्ठ्याची पट्टी शोधून आणली. मोबाइल काकींपुढे ठेवला, तिसरं वॉलेट काढायला घेतलं, आणि पहिली पाळी त्यांची म्हणून त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.